सल्ला हवा आहे: ट्रेकिंगचं दुकान आणि घरचं प्रकाशन, बाहेरचा गुंतवणूकदार घ्यावा का?

डोंगरपेठकर: मंडळी, नारायण पेठेत आमचं ट्रेकिंगच्या साहित्याचं दुकान आहे. जोडीला छोटं प्रकाशन, गडकिल्ल्यांच्या मार्गदर्शिकांचं. बाबा, काका आणि मी भागीदार. पावसाळ्यात आणि डिसेंबरात गल्ला भरतो, मार्च ते मे ओढाताण. जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून इंग्रजी मार्गदर्शिका आहे का म्हणून लोक विचारतात. ऑनलाइन विक्रीही सुरू करायची आहे. सगळे मिळून ४० लाख लागतील. काका म्हणतात, बँकेची पायरी चढायची नाही. गुंतवणूकदार कुठे शोधायचा?

हिशेबनीस: भागीदारीत शहाणा माणूस पैसे घालणार नाही. १९३२ च्या कायद्याने फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार घरादारासकट बांधील असतो. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करावी लागेल. पण ४० लाखांतले मालात किती जाणार?

डोंगरपेठकर: २५ मालात, ८ वेबसाइट आणि दुकानाच्या कामाला, ७ पुस्तकांना.

हिशेबनीस: मग हिस्सा कशाला विकताय? मोसमी माल भरायला बँकेचं कॅश क्रेडिट असतं, लागेल तसं उचलायचं आणि फेडायचं कर्ज. लहान उद्योगांना ५ कोटींच्या मर्यादेपर्यंत बँका अंदाजित उलाढालीच्या २० टक्के कर्ज धरतात. सव्वा कोटीची उलाढाल दाखवू शकलात तर तुमचे २५ तिथेच निघाले. दुकानदारांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते, ती करा. तारण नसेल तर सीजीटीएमएसई या सरकारी योजनेच्या कर्जहमीबद्दल विचारा. बँक दरमहा स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशेब, मागते, पण कारभारात नाक खुपसत नाही. हे काकांना पटवा.

दोरवाला: स्टॉक स्टेटमेंटवरून आठवलं. दोर, हार्नेस, स्लिंग खरेदी किमतीला धरू नका. नायलॉनचा माल न वापरताही बनल्यापासून साधारण १० वर्षांत बाद होतो. गुंतवणूकदार स्वतः क्लायंबर निघाला तर लेबलवरचं साल आधी बघेल.

प्रुफंवाली: लेखकांशी करार लेखी आहेत का? आपल्याकडे जुने व्यवहार चहावर ठरलेले असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्काचं हस्तांतर लेखीच लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात. पुस्तकांचे हक्क ही प्रकाशनाची खरी मालमत्ता, तीच हातात नसेल तर गुंतवणूकदाराला दाखवणार काय? शिवाय छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, म्हणून कागद-छपाईवर भरलेला कर परत वजा होत नाही, तो खर्चातच धरा. पुस्तकांच्या ७ लाखांसाठी प्रकाशनपूर्व सवलत काढा. तुमचं गिऱ्हाईक आगाऊ पैसे देणारं आहे.

सबजांता: सवलत ठीक, पण गिऱ्हाइकांकडून 'बारा टक्के व्याज देतो' म्हणून ठेवी घेऊ नका. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा कडक आहे, वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. बाकी मी हिशेबनीसांशी पूर्ण सहमत नाही. नुसत्या कर्जावर दुकान मोठं होत नाही, ऑनलाइनची बाजू जाणणारा माणूस हिस्सेदार म्हणून आला तर बरंच. फक्त २५ टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा देऊ नका, कारण कंपनीत विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात आणि मग तो असे ठराव अडवू शकतो. पाच-सात वर्षांनी त्याला पैसे काढायचे असतील, ते कोण देणार हेही आधीच लिहा. सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेत चौकशी करा, आणि ट्रेकिंग ग्रुपातल्या जुन्याजाणत्यांनाही विचारा.

डोंगरपेठकर: आभार. एक राहिलंच, जागा पागडीची आहे, पावत्या अजून आजोबांच्या नावावर. कंपनी केली तर अडचण?

हिशेबनीस: अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं! मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागा कंपनीच्या ताब्यात दिली तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो तुम्हाला बाहेर काढू शकतो. कंपनीचं भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं) १ कोटी झालं तर त्या कायद्याचं संरक्षणच उरत नाही. आधी पावत्या बाबा-काकांच्या नावावर करून घ्या. मालक पुण्यातच असतात का?

डोंगरपेठकर: वरच्याच मजल्यावर. काकांशी बोलत नाहीत.