टाइप 1 डायबिटीस असताना लॅबमध्ये करिअर झेपेल का?

मी हडपसरची, टी.वाय.ला मायक्रोबायोलॉजी. बाराव्या वर्षापासून टाइप 1 डायबिटीस आहे. गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलला ई. कोलाय या जिवाणूचं स्ट्रीकिंग करताना, म्हणजे ते प्लेटवर पसरवताना, हात थरथरायला लागला. शुगर उतरतेय हे कळत होतं, पण लॅबमध्ये खायचं नाही आणि प्लेट अर्धवट सोडवेना, म्हणून गप्प उभी राहिले. शेवटी मैत्रिणीने धरून बाहेर नेलं. शुगरच्या मीटरवर 52. मॅडम म्हणाल्या, रिसर्चचा नाद सोड. आईलाही तेच वाटतं.

मला मात्र एम.एस्सी.च्या प्रवेशाची जॅम परीक्षा द्यायचीच आहे. याच ई. कोलायकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला 1982 मध्ये मान्यता मिळाली. त्या प्लेटकडे मी नुसती प्रॅक्टिकल म्हणून बघूच शकत नाही. कुणाला अनुभव आहे का?

पाषाण, पीएचडी चौथं वर्ष:
आमच्या लॅबमध्ये टाइप 1 असलेली मुलगी आहे. पेशी वाढवायच्या हाय ग्लुकोज मीडियात लिटरला 4.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे तुझ्या मीटरवरचे 450, खूपच वाढलेली शुगर. आम्ही वर्षानुवर्षं तो वापरत होतो, "मग यातल्या पेशी नॉर्मल कशा?" हे तिनेच पहिल्यांदा विचारलं. त्या प्रश्नावर आमचे सहा महिने गेले.

खायचा नियम मोडू नकोस. ग्लुकोजचा डबा दाराबाहेर ठेव. काम सुरू करण्याआधी मीटर बघ. 70च्या खाली गेलीस तर 15 ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं. प्लेट पुन्हा करता येते गं.

कोथरूड, निवृत्त शिक्षिका:
बाळ, संशोधन म्हणजे फक्त लॅब नव्हे. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची, पण आपल्या बाळांच्या अंगावर त्या मानाने चरबी जास्त. तुझ्या प्रकारचा डायबिटीस वेगळा, तरी हे काम जरूर वाच. आणि आईला एकदा तुझी लॅब दाखव.

हडपसर:
डबा आजपासून दाराबाहेर. ताई, गाइडला आजाराचं आधीच मेलमध्ये सांगायचं का?

पाषाण:
निवड झाल्यावर, पहिल्याच दिवशी, समोर बसून. शेजारच्या बेंचवाल्यालाही सांग. धावत तोच येणार आहे.