मदत हवी आहे: फुटबॉलमधल्या सॅकचा अधिकृत आकडा मिळत नाहीये (तातडीचे)

केतकी_एमएन:
लेकीला शुक्रवारी वर्गात एका फुटबॉलपटूच्या कारकिर्दीचा तक्ता सादर करायचाय. संघ, वर्षं, पुरस्कार सगळं भरून झालं, सॅकचा रकाना अडलाय. लीगच्या यादीत हा माणूसच नाही, दुसरीकडे १४८.५ दिसतंय. तेच लिहू का? आणि अर्धा सॅक कसा असतो? प्लीज लवकर सांगा.

नानाफडके:
फुटबॉल म्हणजे आपला की अमेरिकन? आपल्यात सॅक ऐकला नाही कधी.

दूरचा_प्रेक्षक:
नाव? कोणत्या वर्षांत खेळला?

केतकी_एमएन:
अमेरिकनच. सॅक म्हणजे समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला (क्वार्टरबॅकला) फेकायच्या आत पाडणं. खेळाडू आहे अ‍ॅलन पेज, वायकिंग्ज संघाचा. आम्ही मिनेसोटात राहतो, इथे हे नाव सगळ्यांना माहीत असतं हो.

रविवारचा_वेडा:
पेजपेक्षा लॉरेन्स टेलर घ्या ना! १९८६ मध्ये २०.५ सॅक, लीगचा सर्वोत्तम खेळाडू, वर त्याच्या जायंट्स संघाला सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकता आला. पेज चार सुपर बोल खेळला, चारही हरला.

दूरचा_प्रेक्षक:
लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवणारा बचावफळीतला पहिला खेळाडू पेजच, १९७१ मध्ये. टेलर त्याच्यानंतर १५ वर्षांनी.
केतकीताई, लीग सॅक अधिकृतपणे मोजायला लागली १९८२ पासून आणि पेज १९८१ चा मोसम खेळून थांबला. म्हणून नाव नाही. टेलरचेसुद्धा १९८१ चे ९.५ सॅक त्याच्या अधिकृत १३२.५ मध्ये धरत नाहीत. १४८.५ हा आकडा जुन्या सामन्यांच्या नोंदी चाळून काढलेला आहे. बिनधास्त लिहा, पुढे ‘अनधिकृत’ टाका. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत दोघांनी मिळून पाडलं, तर प्रत्येकी अर्धा.

नानाफडके:
हे छान आहे. कबड्डीत चढाईपटूचा पाय एकाने धरायचा, अंगावर दुसऱ्याने पडायचं आणि नाव त्या दुसऱ्याचंच व्हायचं. आमच्या वेळी कोपरारक्षकाला कोणी विचारत नसे.

सुमती_के:
सॅकचं राहू दे, मुलीला पेज यांची वकिली सांग. खेळत असतानाच १९७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली. त्याच वर्षी वायकिंग्जनी सोडलं, तर शिकागोच्या बेअर्स संघाकडून खेळले. पुढे १९९३ ते २०१५ मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती, तिथले पहिले कृष्णवर्णीय. आणि हे तर तक्त्यात हवंच: ओहायोतलं कँटन त्यांचं जन्मगाव. तिथे हॉल ऑफ फेमची (फुटबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या संग्रहालयाची) इमारत उभी राहत होती, तेव्हा पोरवयात ते त्याच बांधकामावर कामाला होते. १९८८ मध्ये त्याच हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला!

रविवारचा_वेडा:
न्यायमूर्ती झाल्याने मैदानावर कोणी मोठं होत नाही. टेलरला अडवायला समोरच्या संघांना आपली आखणी बदलावी लागली.

केतकी_एमएन:
टेलर नकोय, खेळाडू शिक्षकांनी ठरवून दिलाय! १४८.५, अनधिकृत, असं लिहिते. बांधकामाची गोष्ट लेकीला फार आवडली, सगळ्यात वर घेतेय. आता ब्लॉक केलेल्या किक: २८ दिसतात. तो आकडा तरी अधिकृत आहे का?

नानाफडके:
किक ब्लॉक करतात म्हणजे पायाने की हाताने?