प्रतिमानीकरणाचा पाठ घेण्याचा आत्मविश्वास छात्राध्यापकांना कसा येतो?

प्रश्न (छात्राध्यापिका, बी.एड. द्वितीय वर्ष):
आंतरवासितेत (शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाच्या काळात) नववीच्या वर्गावर गणितीय प्रतिमानीकरणाचा, म्हणजे वास्तवातला प्रश्न गणिताच्या भाषेत मांडून सोडवण्याचा, एक पाठ घेण्याचे मी ठरवले आहे. प्रमेय फळ्यावर सिद्ध करताना मला धास्ती वाटत नाही. परंतु ज्या प्रश्नात गृहीतके विद्यार्थ्यांनीच ठरवायची आणि ज्याची उत्तरे गटागणिक बदलणार, तो प्रश्न वर्गात कसा पेलायचा हे उमगत नाही. गणिताला एकच उत्तर असते, ही धारणा आधी बदलावी लागते, की पाठ घेता घेता ती बदलते?

उत्तर १ (अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापक):
ही धारणा केवळ आपल्याकडची नाही. अडीच मीटरच्या चार लाकडी फळ्यांतून एक मीटरच्या किती फळ्या कापता येतील? भागाकाराने दहा येतात, करवत चालवली की प्रत्येकीतून दोन, म्हणजे आठच मिळतात. अशा धर्तीचे प्रश्न बेल्जियममधील फ्लँडर्सच्या भावी शिक्षकांपुढे ठेवले गेले, तेव्हा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की अनेकांनी स्वतः सोडवताना तर वास्तव बाजूला ठेवलेच, शिवाय विद्यार्थ्यांची उत्तरे तपासतानाही हिशेबी उत्तरालाच झुकते माप दिले. म्हणून माझ्या मते धारणेची खरी परीक्षा गुणदानात होते.

उत्तर २ (माध्यमिक शिक्षिका):
ताई, धारणा बदलण्याची वाट पाहू नका. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार स्वतःच्या यशस्वी अनुभवाला मानले आहे, आणि माझाही अनुभव तोच आहे. पाठाचे टाचण लिहिण्यापूर्वी हा प्रश्न स्वतः सोडवा: ४० चौरस मीटर छपरावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, ते पाणी साठवले, तर पाच जणांच्या घराला पिण्यास आणि स्वयंपाकास किती दिवस पुरेल? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे एकूण २४,००० लिटर. एका गटाने ऐंशी टक्के पाणी हाती लागते आणि माणशी रोज दहा लिटर लागतात असे धरले, तर ३८४ दिवस. दुसऱ्या गटाने साठच टक्के धरले, तर २८८. दोन्ही गटांचा हिशेब बरोबर आहे. मग छप्पर कौलारू आहे की पत्र्याचे, पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यायचे का, एवढे पाणी मावेल अशी टाकी घरी आहे का, यावर वाद होऊ द्या. तो वाद हाच पाठाचा गाभा आहे, आणि आपण स्वतः आधी दोन-तीन वेगवेगळी गृहीतके घेऊन पाहिलेली असली, की विद्यार्थ्यांच्या अनपेक्षित उत्तराने गोंधळायला होत नाही.

उत्तर ३ (प्राध्यापक, पुन्हा):
बाईंशी सहमत आहे. मात्र एक भर घालतो. एनसीईआरटीच्या नववी-दहावीच्या पुस्तकांत प्रतिमानीकरण हा विषय कित्येक वर्षे परिशिष्टात होता, आणि परीक्षेत नसलेले परिशिष्ट सहसा कोणी उघडत नाही. त्यामुळे टाचणातच गुणांची विभागणी लिहा: गृहीतक सांगून त्याचे कारण देण्यास, आकडेमोडीस आणि उत्तर वास्तवाशी ताडून पाहण्यास वेगवेगळे गुण ठेवा, आणि ही विभागणी पाठाच्या आधीच मार्गदर्शकांना दाखवा.