मदत हवी आहे : नक्षी शिल्लक आहे, पण पावसात टायर धरत नाहीत. चारही बदलू की दोनच?

रानजाई

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०२० च्या ऑगस्टमध्ये घेतलेली. टायर गाडीसोबत आलेलेच, ट्यूबलेस, १८५/६५ आर १५. रनिंग ४१ हजार. टायरच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक टायरची की माझी हेच विचारायला आलेय.

आम्ही चिपळूणला राहतो. सासूबाईंच्या उपचारांसाठी दर पंधरवड्याला कराडला जावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट चढून-उतरून. गाडी मीच चालवते. बाकी गावातल्या गावात, कधी गुहागर, एवढंच.

जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसात कराडहून परत येत होते. हेळवाक सोडून घाट उतरायला लागलो आणि एका वळणापुढे ट्रक जवळजवळ थांबलेला दिसला. वेग चाळीसच्या आत असेल. ब्रेक दाबला तर पायाखाली पेडल खडखड करत थरथरलं आणि गाडी आपली पुढेच. थांबली तेव्हा ट्रकच्या ताडपत्रीच्या दोरीची गाठ मला स्पष्ट दिसत होती, तिच्यातून पाण्याचे थेंब माझ्या बॉनेटवर पडत होते. सासूबाई मागून एवढंच म्हणाल्या, "आलं का पोफळी?"

पहिला पाऊस, रस्त्यावर तेल-धूळ असते, म्हणून मी तेव्हा सोडून दिलं. पण तीन आठवडे धो-धो पडून रस्ता धुऊन निघाल्यावर परशुराम घाटात पुन्हा तसंच झालं, तेही थोडक्या ब्रेकला.

शिवाय आवाज. दोनेक वर्षांपासून साठच्या पुढे गाडी घूंऽऽ करते. आधी वाटायचं रस्त्याचा आहे, आता डांबरीवरही येतो. आणि खड्ड्यातले दणके पूर्वीपेक्षा कडक लागतात, पाठीला कळतं.

दिराकडे व्हर्निअर आहे, लोट्याला कंपनीत असतो. त्याने रविवारी नक्षीची खोली मोजली. पुढच्या टायरांना मधे ४.२ मिमी, बाहेरच्या कडेला ३.९, आतल्या कडेला ३.१. मागचे दोन्ही ५ च्या वर. म्हणजे १.६ मिमीच्या खुणेपासून (तिथवर झिजला की टायर संपला) सगळे लांबच आहेत.

आता मतं ऐका. टायरवाला (माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून देतो) म्हणाला, "अजून पंधरा हजार आरामात, चिरा कुठेत?" सर्व्हिस सेंटर म्हणतं आवाज बेअरिंगचा, पुढची दोन्ही बदला. दीर म्हणतो दोन नवीन घे आणि पुढे टाक. मला विचाराल तर मला या टायरांचा भरवसा वाटत नाही, पण ४ मिमी नक्षी असलेले टायर काढून टाकायला हात होत नाही. तुमच्यापैकी कोणी टायर नवेपणापासून म्हातारपणापर्यंत नीट अनुभवलेत? पकड आधी जाते का नक्षी?

चाक_चाकोरी

टायरवरची तारीख बघा. लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आणि हवा किती ठेवता?

रानजाई

आधी सापडेनाच. मग कळलं की तारीख टायरच्या एकाच बाजूला असते, माझ्या तीन चाकांना ती आतल्या अंगाला आलीय. गाडीखाली मोबाइल घालून फोटो काढले : २७२०, चारही. म्हणजे जुलै २०२०. सहा वर्षं झाली.

हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे ३३. पंपावर मोजली की ३६ दिसते, तो मुलगा मग सोडतो थोडी.

समृद्धीवाला_नागपूर

ताई, ते सोडणं आधी बंद करा! ३३ हा आकडा थंड टायरचा आहे. दहा-बारा किलोमीटर चालून गेलात की आतली हवा तापते, तीनेक पीएसआय वाढणारच. गरम असताना ३३ वर आणलीत की सकाळी ती ३० भरते. कडा झिजतात, टायर जास्त चुरमडतो, जास्त तापतो. आमच्याकडे समृद्धीवर मे महिन्यात काँक्रीटवर १२० ने तासन् तास चालवणाऱ्यांचे टायर का फुटतात याचं अर्धं उत्तर कमी हवेत आहे. लोकांना वाटतं उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी. उलट आहे. घरी शे-पाचशेचा मीटर घेऊन ठेवा आणि सकाळी गाडी काढायच्या आधी मोजा.

नायट्रोजनचं कोणी सुचवेल, त्याआधीच सांगतो : साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. फुकट मिळाला तर घ्या.

रबर_रिटायर्ड

टायरच्या कारखान्यात कंपाउंडिंगला, म्हणजे रबराचं मिश्रण बनवण्याच्या खात्यात, नोकरी झाली, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : तुमच्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीत पकड आधी जाते. नक्षीचं काम पाणी बाहेर काढणं, रस्ता धरण्याचं काम रबराचं. रस्त्याची खडी बारीक टोकांची असते, मऊ रबर त्या टोकांभोवती बसतं. ऊन, ओझोन आणि उष्णता यांनी रबर वर्षागणिक ताठरत जातं, त्यातले मऊपणा देणारे तेलाचे घटकही हळूहळू निघून जातात. मग ते टोकांभोवती बसत नाही, वरून सरकतं. कोरड्यात हे फारसं जाणवत नाही, ओल्यात लगेच कळतं. तुमचं पेडल थरथरलं ते एबीएसचं काम, ते बरोबरच चाललंय. पण चाक लॉक होऊ न देणं एवढंच एबीएसच्या हातात. पकडच नसेल तर ते कुठून आणणार?

घरी करायची परीक्षा : नखाने नक्षीच्या ठोकळ्यात दाबा, मग शेजारच्या एखाद्या नव्या गाडीच्या टायरला दाबा. फरक बोटाला कळतो. दणके कडक लागण्याचं एक कारणही तेच, टायरची बाजूची भिंतसुद्धा आता तितकी लवत नाही. (शॉक अॅब्सॉर्बर एकदा बघून घ्या, सगळा दोष टायरवर ढकलू नका.)

आणखी एक. गाडीसोबत येणारे टायर बहुतेकदा मायलेजकडे बघून निवडलेले असतात. रबर लवताना ऊर्जा खातं, त्यातून पकड मिळते पण पेट्रोल जातं. ओल्यातली पकड, टिकाऊपणा आणि मायलेज ही तीन टोकं एकमेकांना ओढतात. १९९० च्या दशकात काजळीच्या जोडीला सिलिका वापरायला लागल्यापासून हा तिढा बराच सैल झाला, संपला मात्र नाही. म्हणून "एक लाख किलोमीटर चालतो" असं कौतुक ऐकलं की मी विचारतो, पावसात कसा आहे?

कोल्हापुरी_पाना

मी उलटं बोलणार. आमच्या दोन टुरिस्ट गाड्या आहेत, टायर ६०-६५ हजार काढतो आम्ही. ४ मिमीला टायर टाकून द्यायला लागलो तर धंदाच नको. ताईंनी रोटेशन किती वेळा केलं ते विचारा आधी. दर आठ-दहा हजाराला पुढचे मागे, मागचे पुढे केले असते तर आतली कड ३.१ झालीच नसती. हे टायर मेले नाहीत, हयगय झालीय.

रबर_रिटायर्ड

दादा, तुमचे ६५ हजार दीड-पावणेदोन वर्षांत होत असतील. टायर झिजून संपतो तेव्हा तो वयाने तरुणच असतो. यांचे सहा वर्षांचे आहेत आणि बाराही महिने अंगणात उन्हातान्हात उभे. किलोमीटर सारखे असले तरी रबर सारखं नाही.

कोल्हापुरी_पाना

हे मान्य. पण रोटेशनचं खोटं नाही.

रानजाई

रोटेशन एकदाच, दहा हजाराला. ओरडा खायला तयार आहे.

खालचा_गिअर

आवाजाचं बेअरिंग आहे की टायर ते पैसे न घालवता कळतं. एक, मोकळ्या सरळ रस्त्यावर साठला हळूच डावी-उजवीकडे झोका द्या. वजन एका बाजूला गेल्यावर आवाज वाढला-कमी झाला तर बेअरिंगवर संशय. दोन, पुढची चाकं मागे टाका. आवाज जागा बदलतो का ऐका. तीन, मागच्या टायरवरून तळवा फिरवा, आधी एका दिशेने मग उलट. एकीकडे गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीच्या दात्यांसारखं लागलं तर तुमचा घूंऽऽ तिथून येतोय. रोटेशन न केल्याची ही नेहमीची खूण.

आतली कड जास्त झिजली म्हणजे अलाइनमेंट गेलंय. नवीन टायर टाकण्याआधी नाही, टाकल्यावर लगेच करा, आणि मशीनचा आधीचा-नंतरचा कागद मागून घ्या. "झालं मॅडम" यावर उठू नका.

आता दिरांचा सल्ला. दोनच घ्यायचे ठरले तर नवीन जोडी मागे टाकायची. सगळे पुढे टाकतात, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, म्हणून पटतंही. पण बघा : ओल्यात पुढचे सुटले तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते. अॅक्सिलरेटर सोडला, वेग उतरला, की स्टिअरिंग पुन्हा लागतं. मागचे सुटले तर गाडी शेपटाकडून फिरते, आणि घाट उतरताना वजन आधीच पुढे गेलेलं, मागे धरायला कमीच. फिरलेली गाडी सावरणं तुमच्या-माझ्यासारख्यांचं काम नाही.

माहेर_सांगली

+१. मी हे कराडजवळच्या हायवेवर शिकले आहे. पुढे नवे, मागे जुने, पाण्याचं डबकं. गाडी उलट्या तोंडाने थांबली. जास्त लिहीत नाही.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत कायद्याने १.६ मिमीच आहे, पण एडीएसी ही इथली मोटारचालकांची संघटना उन्हाळी टायर ३ मिमीला आणि हिवाळी ४ मिमीला बदला म्हणते. शेजारच्या ऑस्ट्रियात नक्षी ४ मिमीच्या खाली गेली की तो हिवाळी टायर धरतच नाहीत. आम्ही ऑक्टोबर ते ईस्टर वेगळे टायर चढवतो, त्यामुळे रोटेशन आपोआप होतं, तळघरात टायर ठेवायला जागा मात्र लागते. कोकणातल्या पावसाला मी ३ च्या खाली जाऊ देणार नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार. तळव्याची परीक्षा केली. मागच्या दोन्ही टायरांना चक्क करवत! सासूबाई खुर्ची टाकून बघत होत्या, त्यांनीही हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "खवणीचे दाते बरे."

चाकं पुढे-मागे केली. आवाज मागून पुढे आला. कालच्या फेरीत सासूबाई पहिल्यांदाच मागे झोपल्या. बेअरिंगचे पैसे वाचले. सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगितलं, ते "असंही असू शकतं" म्हणाले.

चारही बदलायचे ठरवलंय. टायरमागे सव्वापाच ते साडेसहा हजार सांगतायत, गेल्या सप्टेंबरात जीएसटी २८ चा १८ झाला म्हणून जरा बरं. टायरवाला आता १९५/६५ घ्या म्हणतोय, "रुंद टायर, जास्त ग्रिप, गाडी गादीसारखी". घेऊ?

चाक_चाकोरी

नको. १८५ च्या ६५ टक्के म्हणजे तुमच्या टायरची भिंत १२० मिमी. १९५ ची १२७ होईल. टायरचा पूर्ण व्यास सुमारे १३ मिमी वाढतो, दोन टक्के. मीटर ९० दाखवेल तेव्हा तुम्ही ९२ ला असाल, पिकअप बसेल, मायलेज पडेल. शिवाय हवा तीच असेल तर रुंद टायर रस्त्यावर जास्त पसरतो आणि पाणी कापायला उलट त्याला जड जातं. आहे तोच साइझ, तोच किंवा वरचा लोड आणि स्पीडचा आकडा (८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० किमी). पैसे लावायचे तर ओल्यातल्या पकडीला लावा. टायरवर ट्रॅक्शन लिहिलेलं असेल तर ए किंवा एए बघा, ती परीक्षा ओल्यावर सरळ ब्रेक मारून घेतलेली असते. ट्रेडवेअरचा (टायर किती टिकेल त्याचा) आकडा कंपनीने स्वतःच दिलेला असतो, त्यावर दोन कंपन्यांची तुलना करत बसू नका.

दुकानात तारीख बघूनच टायर रिमवर चढवू द्या. चढल्यावर मग भांडण.

रानजाई

शेवटचा अपडेट. पहिल्या दुकानातले दोन टायर २०२४ चे निघाले. मी मोबाइलचा टॉर्च लावून वाचत होते तेव्हा तो पोरगा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "मॅडम, ते कंपनीतनं असेच येतात." निघाले. दुसऱ्याकडे चारही ०९२६ मिळाले, आकार तोच. बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंटचा कागद घेतला, पुढच्या उजव्या चाकाचा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळण्याचा कोन) खूपच बाहेर गेलेला होता.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा असं रबर_रिटायर्ड काकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलं होतं, नव्या टायरवर साच्याचं बुळबुळीत राहतं म्हणून. तसं चालवलं. काल कुंभार्ली उतरले, भरपूर पाऊस, समोर धुकं. त्याच वळणाच्या अलीकडे मागे कोणी नाही बघून मुद्दाम ब्रेक दाबून पाहिला. पेडल गप्प, गाडी जागच्या जागी. घूंऽऽ गेलाय, आता वायपरची किरकिर ऐकू येते, त्याचा वेगळा धागा काढीन.

एक शंका उरली. जुन्या टायरांतले दोन पंक्चरवाला आठशेला मागतोय. द्यावेत?

खालचा_गिअर

देऊ नका. उद्या ते दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला चढून त्याच घाटात दिसतील. द्यायचेच तर बाजूला भोक पाडून द्या.

रानजाई

नाही दिले. दोन दिराच्या मित्राने दाभोळला होडीला बांधायला नेले. दोन परसात आहेत, एकात सासूबाईंनी अळू लावलंय. पाणी साचून डास नकोत म्हणून खालून भोकं पाडायला सांगितली. दिराचं ड्रिल दहा मिनिटं लागलं एका भोकाला.