मुलुंडच्या टू बीएचकेत लॅब्राडोरची पिल्लं: होऊ द्यावीत की नसबंदी उरकावी?

लाडूची आई
आमची लाडू, लॅब (लॅब्राडोर), तीन वर्षांची. पुढच्या माजाला मेटिंग करायचं का, यावरून घरात दोन तट पडलेत. समोरच्या टॉवरमध्ये वंशावळीचे पेपर असलेला देखणा नर आहे. मालकाला स्टड फी, म्हणजे नर लावण्याचे पैसे, नको, एक पिल्लू हवंय. नात्यातल्या आणि ऑफिसातल्या मिळून पाच जणांनी आत्तापासून नंबर लावलेत. सासूबाई म्हणतात, एकदा तरी होऊ द्या, कुत्रीच्या तब्येतीला चांगलं असतं. नवऱ्याला नसबंदी हवीय. धंदा करायचा नाही, पण केलं तर जबाबदारीने करायचं आहे. 'हौस म्हणून का?' असं विचारू नका. हौस आहेच.

चिंचपोकळी स्लो
नको. परळच्या बैलघोडा या जनावरांच्या इस्पितळात एक सकाळ बसून या, मग ठरवा. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि गल्लोगल्ली पग दिसायला लागले. मागणी आली की पिल्लं काढणारे उगवतातच. आता ते बिचारे चपट्या नाकाने मे महिन्यात घोरत धापा टाकतात. ते पग विकणाऱ्यांनीही 'आम्ही जबाबदारीने करतो' असंच सांगितलं असणार. शिवाय खाली गेटपाशी इंडी, म्हणजे देशी, पिल्लं घरासाठी ताटकळत असताना आणखी आठ कशाला?

मांजराकाठचा
दोन वेगळे प्रश्न एकत्र करताय. रस्त्यावरची कुत्री वाढतात ती नसबंदी अपुरी पडते आणि कचरा उघडा राहतो म्हणून. त्यात लाडूचा काय दोष? ज्याला लॅबच हवाय तो काही गेटवरचं पिल्लू उचलणार नाही. तो दलालाकडून पाच आठवड्यांचं, आईपासून तोडलेलं पिल्लू आणणार. चांगल्या माणसांनी हात झटकले की बाजार कोणाकडे जातो, सांगा.

मी लातूरकडचा. आमच्याकडची कारवान ही कुत्र्यांची जात टिकली तो धावणारी, काटक जनावरं निवडून जोड्या लावणारी माणसं होती म्हणून. (मुधोळ जातीच्या कुत्र्याला २००५ मध्ये टपाल तिकीट मिळालं, आमचा कारवान राहिला. असो.) लाडूचे खुबे आणि कोपरे, दोन्हींचे एक्स-रे काढा. दोन वर्षं पूर्ण झालीत, म्हणजे निकाल भरवशाचा येईल. पीआरए या डोळ्यांच्या आजाराची जनुक चाचणी करा, दोघांचीही ब्रुसेला या संसर्गासाठी तपासणी करा. आणि पेपरवर भाळू नका. त्यावरून आजोबा कोण ते कळतं, खुबे कसे आहेत ते नाही.

सुईवाली
पशुवैद्यक आहे. सासूबाईंना हळूच सांगा, एकदा पिल्लं झाल्याने तब्येत सुधारते याला वैद्यकीय आधार नाही. गर्भाशयात पू होणं, म्हणजे पायोमेट्रा, पिल्लं झालेल्या मादीलाही होतो. तो टाळायचा खात्रीचा उपाय नसबंदी.
२०१७ चे केंद्राचे नियमही वाचा. पिल्लं विकायची तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, मादी किमान १८ महिन्यांची, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू द्यायचं नाही.

चिंचपोकळी स्लो
वा, मग आठ आठवड्यांचाच हिशोब करू. लॅबला सात-आठ पिल्लं सहज होतात. चौथ्या आठवड्यापासून ती खायला लागतात आणि घरभर हगतात. रात्री तीनला कोण उठणार? सिझेरियनची वेळ आली तर? आणि नंबर लावलेल्या पाचांपैकी पिल्लं डोळे उघडेपर्यंत दोन उरतात. एकाचा घरमालक नाही म्हणतो, दुसऱ्याच्या बायकोला दिवस गेलेले असतात.
मांजराकाठचे, तुमचे मुद्दे लातूरच्या वाड्यात ठीक आहेत. मुलुंडच्या हॉलमध्ये नाहीत. आणि तीन वर्षांनी एखाद्याची बदली झाली तर तो तीस किलोचा लॅब परत कोण घेणार? त्याला 'मी' म्हणता येत असेल तरच जबाबदारी हा शब्द वापरा.

मांजराकाठचा
परत घेण्याचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. तसं लिहूनच द्यायचं आणि घ्यायचं. पण हॉलचं काय घेऊन बसलात? मुंबईत माणसंही त्याच हॉलमध्ये वाढतात.

लाडूची आई
पाचही जणांना फोन केले. सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं आम्हालाच परत द्यायचं आणि वेळेवर नसबंदी करायची, असं लिहून द्याल का, विचारलं. आतेभाऊ म्हणाला, "कुत्रं देतेस की मुलगी?" दोघं 'बघू' म्हणाले, म्हणजे नाहीच. एकीने फोन उचलला नाही. पाचवी, ऑफिसातली, लगेच हो म्हणाली आणि उलट लाडूचे रिपोर्ट मागितले.
म्हणजे खात्रीचं घर एक. आठ पिल्लं झाली तर एक नरवाल्याचं, एक हिचं, उरलेली सहा माझ्या गळ्यात. नवरा काही बोलत नाही, नुसता हसतोय. तरी एक्स-रे काढणार आहे, तिच्यासाठी तो केव्हाही उपयोगीच. भूल द्यावी लागते का?

सुईवाली
हो, बहुतेक वेळा हलकी देतात. मागचे पाय सरळ ताणून धरावे लागतात, जागी असताना ती ते करू देणार नाही. उपाशी कधीपासून ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मांजराकाठचा
नराचाही एक्स-रे मागा. मालक कां-कू करायला लागला तर विषय तिथेच सोडा.

चिंचपोकळी स्लो
हे मात्र आजच विचारा. तो नाही म्हणाला तर माझं काम झालं.