शब्दचर्चा : ‘समुपदेशन’ म्हटले की बाळंतीण उठून जाते

पांझरातीर :
धुळे तालुक्यातील आशा सेविकांच्या हाती द्यायचे एक चार पानी पत्रक मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बाळंतपणानंतर आईची किंवा वडिलांची मनःस्थिती ढासळली, तर ती ओळखायची कशी आणि पुढे पाठवायचे कुठे, एवढाच त्याचा विषय आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशा सेविका ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते, आणि बाळाचे वजन व ताप पाहताना आईशीही दोन शब्द बोलावेत अशी अपेक्षा आहे.

माझी अडचण दुहेरी आहे. पत्रकात बाळंतिणीची ढासळलेली मनःस्थिती ओळखण्यासाठीच्या १९८७ सालच्या एडिंबरा प्रश्नावलीचा आधार घेतलेला आहे. तीत गेल्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न असून सहाव्या प्रश्नात जो इंग्रजी वाक्प्रचार आहे, त्याचे शब्दशः मराठी ‘गोष्टी माझ्या डोक्यावर चढून बसत आहेत’ असे होते. मी कच्चा मजकूर एका बाळंतिणीला वाचून दाखवला, तेव्हा ती हसून म्हणाली, ‘आठ दिवसनं पोर, ते काय डोकावर बसी?’ आपल्याकडे डोक्यावर बसतात ती लाडावलेली मुले, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

दुसरी अडचण मोठी आहे. शीर्षकात ‘समुपदेशन’ हा शब्द आहे, आणि तो ऐकून तिची सासू म्हणाली, की उपदेश द्यायला आम्ही घरात आहोत, त्यासाठी दवाखान्यात कशाला जायचे? या शब्दाला पर्याय सुचवावा, ही विनंती.

जुना मास्तर :
ताई, दोष शब्दाचा नाही, ऐकणाऱ्याच्या अनुभवाचा आहे. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘दिश्’ म्हणजे दाखवणे. जवळ बसून वाट दाखवणे हा ‘उपदेश’ शब्दाचा मूळ अर्थ असून त्यात रागावणे कुठेही नाही. रुळलेला शब्द एका सासूच्या शेऱ्यामुळे टाकून द्यायचा, तर उद्या ‘शिक्षण’ही टाकावे लागेल, कारण त्यात शिक्षा ऐकू येते. आजाराच्या नावासाठी मी ‘प्रसूतिपश्चात विषाद’ सुचवतो. गीतेचा पहिला अध्याय ‘अर्जुनविषादयोग’ या नावाने ओळखला जातो आणि कीर्तनाला बसणाऱ्या कोणत्याही म्हातारीला विषाद म्हणजे काय ते ठाऊक असते.

केळीचे पान :
मास्तर, अर्जुनाचा विषाद जायला पुढे सतरा अध्याय लागले आणि त्याच्या मांडीवर दर दोन तासांनी उठणारे बाळ नव्हते.

दवाखान्याची पायरी :
मी परिचारिका आहे, म्हणून आधी एक भेद सांगते, कारण एकच शब्द सगळ्यांवर पांघरला तर घात होईल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बाईला उगाच रडू येते, चिडचिड होते, आणि बहुतेकींच्या बाबतीत दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरते. तिथे झोप, गरम जेवण आणि बाळाला घटकाभर कोणी सांभाळणे एवढे पुरते. दोन आठवडे उलटूनही ते हटले नाही, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी नव्याने सुरू झाले, तर तो आजार आहे आणि त्याला बोलण्याचा उपचार किंवा औषध लागते. तिसरा प्रकार हजारात एखाद-दुसरीला होतो : झोप उडते, भास होतात, भलत्या शंका येतात. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते. गावात या तिन्हींना एक तर ‘बाळंतरोग’ म्हणतात किंवा ‘बाहेरची बाधा’. आपण तिन्हींना ‘विषाद’ म्हटले, तर फक्त पाटी बदलेल. शिवाय ‘विषाद’ हे नाम आहे, आणि माझ्याकडे येणारी एकही बाई आपले दुखणे नामात सांगत नाही.

केळीचे पान :
शेवटचे वाक्य मला नेमके लागले. मुलगी झाली तेव्हा पत्नी सवा महिना माहेरी होती आणि मी यावल तालुक्यात केळीच्या बागेत. घड लागलेले असताना पाणी द्यायला उठायचो आणि मोटार सुरू न करताच बांधावर बसून राहायचो. मुलीचा फोटो आला तरी पाहावासा वाटत नसे आणि त्याची लाज वाटे. आईला एवढेच म्हणालो, ‘मले गमत नाही.’ ती म्हणाली, ‘मंग जाय ना सासरवाडीले.’ तिला वाटले, मला बायकोची आठवण येते आहे. वडिलांनाही हा आजार होतो आणि दहांतल्या एकापर्यंत त्याचे प्रमाण आढळलेले आहे, हे मला फार नंतर कळले. अहिराणीत ‘माले गमत नही’, आमच्या लेवा बोलीत ‘मले गमत नाही’. पत्रकात हेच का लिहू नये?

सीमेवरचा :
‘गमत नही’ हे आपले नव्हेच, ते गुजराती आहे. गुजरातीत ‘गमवुं’ म्हणजे आवडणे. नवापूरचे रेल्वे स्थानक निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. तिथे शब्दांना तिकीट लागत नाही.

जुना मास्तर :
आपला तर्क आकर्षक असला तरी पुरेसा नाही. ‘गमणे’ म्हणजे वाटणे, भासणे, हे क्रियापद जुन्या मराठी कवितेत पावलोपावली भेटते; ‘मज गमे’ ही रचना शाळेत कोणी पाठ केली नाही? जे पुण्याच्या गद्यातून गेले ते खानदेशच्या घरात राहिले, असे का मानू नये?

वऱ्हाडची लेक :
अकोल्यालाही आम्ही ‘मले गमत नाही’ म्हणतो, आणि आमच्या शेजारी गुजरात नाही. प्रमाण भाषेत त्याला ‘करमत नाही’ म्हणतील, पण दोन्ही एक नव्हेत. माणसे नसली की करमत नाही. गमत नाही ते घर भरलेले असतानाही.

सीमेवरचा :
शब्द प्रवास करतात, शेजार लागतोच असे नाही. व्यापारी अकोल्यापर्यंत गेलेच होते.

दवाखान्याची पायरी :
व्युत्पत्ती कुठलीही असो, मला वेगळी भीती आहे. वीज गेली तरी ‘गमत नही’ म्हणतात आणि जीव नकोसा झाला तरी तेच म्हणतात. हा शब्द दार उघडायला चांगला आहे, पण तो ऐकून ‘किती दिवसांपासून?’ हे विचारल्याशिवाय आशा सेविकेने उठू नये. प्रश्नावलीचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे, आणि त्याला मात्र कोणत्याही बोलीत गोड पर्याय शोधू नये. तो सरळ विचारावा.

पांझरातीर :
सहाव्या प्रश्नासाठी मी आता ‘सगळे अंगावर येते असे वाटते का?’ असे योजले आहे. घर अंगावर येते, कामे अंगावर येतात, हे आपण सहज बोलतो.

दवाखान्याची पायरी :
ताई, हाच प्रश्न मी विचारून पाहिला आहे. एकविसावा दिवस होता. ती शेगडीजवळ बाळाची दुपटी वाळवत बसली होती. मी विचारले, ‘सगळं अंगावर येतं का गं?’ ती म्हणाली, ‘हा, रातले बी आंगवरच ऱ्हास.’ ती बाळाच्या पिण्याविषयी बोलत होती. त्याआधी मीच विचारले होते, की बाळ अंगावर पिते का, तेव्हा चूक माझीच. निघताना तिने तेच ओले दुपटे तिसऱ्यांदा झटकून दोरीवर घातले, म्हणून मी पुन्हा बसले आणि नुसते ‘झोप लागते का?’ विचारले. बाळ झोपले तरी तिला झोप लागत नव्हती, हे तेव्हा बाहेर आले.

वऱ्हाडची लेक :
आणि ‘दुखणे अंगावर काढणे’ राहिलेच की. बाळंतिणीच्या अंगावर एवढे सगळे असते!

जुना मास्तर :
मग प्रश्नांचा क्रम बदला, वाक्प्रचार कशाला बदलता? दुधाचा प्रश्न शेवटी घ्यावा.

केळीचे पान :
शीर्षकासाठी ‘धीर’ कसा वाटतो? ‘नव्या आईबापांना धीर.’

वऱ्हाडची लेक :
नको. ‘धीर धर’ हे बाईला गप्प बसवण्यासाठीच म्हटले जाते. ‘विचारपूस’ चांगला शब्द आहे. त्यात विचारणारा खाली बसतो.

जुना मास्तर :
विचारपूस शेजारी करतात. उपचार करणाऱ्याच्या कामाला ते नाव दिले, तर त्यामागचे प्रशिक्षण पुसले जाते आणि कोणीही उठून समुपदेशक होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मानसिक आरोग्यासाठी सुरू झालेल्या सरकारी दूरध्वनी सेवेचे नाव ‘टेलिमानस’ ठेवले, तेव्हा ‘मानस’ अवघड आहे असे कोणी म्हटले नाही.

दवाखान्याची पायरी :
मास्तर, लोक ते नाव उच्चारतच नाहीत, १४४१६ हा आकडा सांगतात. पत्रकावर तो मोठ्या अक्षरात छापावा. त्यावर मराठीत बोलता येते.

केळीचे पान :
एक बारीक शंका. बाळंतिणीला शब्द आहे, तिच्या नवऱ्याला कुठला? ‘पालक’ म्हटले की शाळेची सभा आठवते.

जुना मास्तर :
जिभाऊ, ‘सोयर’ मात्र बापालाही लागते. दहा दिवस त्याला देवाला शिवता येत नसे. रूढीने त्याला मोजले होते, शब्द दिला नाही. असो. पांझरातीर यांनी कच्च्या मजकुराचे जे छायाचित्र इथे टाकले आहे, त्यात ‘प्रसूतीपश्चात’ असे दीर्घ लिहिले आहे. ‘प्रसूती’ एकटा असताना दीर्घ, समासात पूर्वपद असताना ऱ्हस्व : प्रसूतिपश्चात.

सीमेवरचा :
सामान्य वाचकाला त्या वेलांटीने काय फरक पडतो? नियमच बदलायला हवा.

जुना मास्तर :
त्यासाठी वेगळा धागा काढावा. मी तिथे येईन.

पांझरातीर :
वेलांटी दुरुस्त केली आहे, दुधाचा प्रश्न खाली नेला आहे आणि ‘गमत नही’ पहिल्याच ओळीत घेतले आहे. शीर्षकाची जागा अजून कोरी आहे. छापखाना शनिवारपर्यंत थांबायला तयार आहे.