सिम्प्सन्सचा फ्रँक ग्राइम्सवाला एपिसोड: यात हसायचं कशाला?

अर्धाचहा:
सिम्प्सन्स ही अमेरिकन कार्टून मालिका पहिल्या सीझनपासून क्रमाने बघतोय, काल आठव्यातला 'होमर्स एनिमी' बघितला आणि पोटात कसंतरीच झालं राव. एरवी होमरचा, म्हणजे मालिकेतल्या त्या आळशी बापाचा, येडेपणा बघून मी खो खो हसतो. पण हा ग्राइम्स, चार वर्षांचा असताना आईबापाने टाकलेला, अठराव्या वाढदिवसाला स्फोटात सापडलेला, पोस्टाने अभ्यास करून डिग्री काढलेला, एका बोलिंग अ‍ॅलीच्या वर आणि दुसरीच्या खाली राहणारा (हे मी मागे नेऊन परत ऐकलं), आणि अणुवीज केंद्रात नोकरी लागल्यावर जवळ कोण तर होमर, जो झोपा काढतो, याचा नाव लिहिलेला डबा खातो, याच्याच पेन्सिली चावतो. आणि शेवटी मरतो कोण, तर ग्राइम्स! विनोद नेमका कुठे होता, की मलाच कळला नाही?

पिवळाहात:
कळलाय की तुम्हाला, म्हणून तर त्रास झाला. त्या वेळी शो चालवत होते बिल ओकली आणि जॉश वाइनस्टाइन, त्यांना हेच करून बघायचं होतं, की खऱ्या जगातला साधा माणूस होमरच्या जगात आणून सोडला तर काय होईल. लिहिलाय जॉन स्वार्ट्झवेल्डरने, मे 1997 मध्ये लागला तेव्हाही बऱ्याच लोकांना पचला नव्हता.
तुम्ही क्रमाने बघताय ना, मग होमर ग्राइम्सला घरी जेवायला बोलावतो तो सीन परत बघा. भिंतीवर फोटो आहेत, होमर अंतराळात, होमर अमेरिकेच्या माजी प्रेसिडेंट फोर्डबरोबर, वर गाण्याचं ग्रॅमी बक्षीस. ते एपिसोड आपण आधी बघून हसलोय, तेव्हा कुणाला हा अन्याय वाटेल असं डोक्यातही आलं नाही. ग्राइम्सला पहिल्यांदा वाटतं. म्हणजे तो होमरवर कमी आणि आपल्यावरच जास्त चिडलाय असं मला तरी वाटतं.

नाईटवॉचमन:
ग्राइम्सला उगाच संत करू नका, होमर बिचारा मनापासून मैत्री करायला बघतो, घर आवरतो, लॉबस्टर करतो, आणि हा तणतणत निघून जातो. खरा खलनायक त्या केंद्राचा मालक बर्न्स आहे. टीव्हीवर ग्राइम्सची कहाणी बघून गहिवरला, दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एक शूर कुत्रा बघितला तर ग्राइम्सला द्यायची कंपनीतली व्हाइस प्रेसिडेंटची खुर्ची कुत्र्याला! होमर सल्फ्युरिक अ‍ॅसिड पिणार तेवढ्यात ग्राइम्स ते उडवतो, भिंत वितळते आणि पगार कापला जातो तो ग्राइम्सचाच. हे होमरने केलं का?
आणि होमरच्या पोराची, बार्टची, गोष्ट कुणी बोलतच नाही. लिलावात एका डॉलरला आख्खी फॅक्टरी मिळते पोराला, त्याचा मित्र मिलहाउस तिथे रात्रीचा वॉचमन, ती कोसळते तेव्हा तो म्हणतो मी बघत होतो, आधी पडायला लागली, मग पडली. (माझं नाव तिथूनच घेतलंय.) इथे ग्राइम्स आयुष्यभर घासतो आणि तिथे बार्टला न मागता फॅक्टरी, एकाच एपिसोडमध्ये.

अर्धाचहा:
आत्ता परत बघितला. बर्न्सचं पटलं. पण अणुवीज केंद्राचं मॉडेल करायच्या मुलांच्या स्पर्धेत होमर मॉडेल घेऊन येतो ना, ग्राइम्सनेच त्याला फसवून पाठवलेलं असतं, सगळे हसतील म्हणून. मार्टिन नावाच्या पोराचं मॉडेल खरंच चालतं तरी जिंकतो होमर, लोक टाळ्या वाजवतायत आणि ग्राइम्सचा चेहरा बघवत नाही. मग तो होमरची नक्कल करत सुटतो आणि हातमोजे न घालता हाय व्होल्टेजच्या तारा पकडतो, 'मी होमर सिम्प्सन' म्हणताना नाव पण अर्धंच राहतं तोंडात.
अंत्यविधीला होमर झोपेत बायकोला, मार्जला, चॅनल बदल म्हणतो तिथे मात्र या वेळी फिस्सकन हसू आलं, आणि मग लक्षात आलं की तिकडे ऑफिसातला लेनी आणि बाकीचे पण त्यालाच हसतायत.

पिवळाहात:
झालं, तुम्ही पण होमरच्या गावचे, स्प्रिंगफील्डकर. पुढे चौदाव्या सीझनमध्ये ग्राइम्सचा मुलगा येतो सूड घ्यायला, तेव्हा भेटू.

अर्धाचहा:
अहो मी आठव्यातच आहे!! स्पॉयलर तरी लिहायचं ना वर